शंभरांपैकी किती जण बसने?

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधुभगिनींनो आणि मान्यवर विश्वस्त,

शालेय समितीच्या मागील बैठकीत एक सूचना आली आहे. सकाळी शाळा भरताना व दुपारी सुटताना फाटकासमोर जी कोंडी होते ती सोडवण्यासाठी मैदानाच्या रस्त्याकडील पट्ट्यावर फरशी घालावी आणि तेथे वाहनतळ करावा, अशी ही सूचना आहे. ती मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पाठीला दफ्तर लावलेली लहान मुले मोटारी आणि स्कूटरींच्या मधून वाट काढतात, ते पाहून कोणाचाही जीव धास्तावेल. तरीही अंतिम निर्णयापूर्वी आमचे मत सर्वांसमोर स्पष्टपणे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. आमचे मत असे की, मैदानावर फरशी घालण्याआधी शाळेने एक उद्दिष्ट ठरवून पाहावे. शंभर मुलांपैकी किती जण स्वतंत्र खासगी वाहनाने येतात ते मोजावे, तो आकडा कमी करण्याची मुदत ठरवावी आणि मगच जागेचा विचार करावा.

हा प्रश्न केवळ आपल्या फाटकाचा नाही, साऱ्या इंदूरचा आहे आणि देशातील प्रत्येक वाढत्या शहराचा आहे. शहरे सार्वजनिक वाहतुकीची उद्दिष्टे ठरवतात. काही ती गाठतात, बहुतेक विसरतात. असे का होते, हे समजले तर शाळेचे कामही सोपे होईल.

लक्ष्य आणि लक्ष

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत आपण ‘लक्ष्य’ म्हणतो, म्हणजे गाठायचे ठिकाण. मराठीतही तो शब्द आहे, पण त्याच्या शेजारी ‘लक्ष’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. आई मुलाला सांगते, ‘दुधाकडे लक्ष ठेव.’ शिक्षक सांगतात, ‘फळ्याकडे लक्ष द्या.’ लिहिताना या दोन शब्दांत एका ‘य’चा फरक आहे आणि शहरांची अर्धी कहाणी त्या फरकात येते. लक्ष्य जाहीर करायला एक दिवस पुरतो. लक्ष मात्र रोज द्यावे लागते.

आपल्या शहराला याचा चांगला अनुभव आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ मध्ये इंदूरचा क्रमांक २५ वा होता. २०१७ मध्ये तो पहिला आला आणि २०२४ पर्यंतच्या सलग आठ सर्वेक्षणांत आपले शहर अग्रभागी राहिले. ही किमया घोषणेने झाली नाही. आधी थोड्या वॉर्डांत घरोघरी कचरागाडी नेण्याचा प्रयोग झाला, मग तो सर्व वॉर्डांत पसरला. ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा, नाही दिला तर गाडीवाला परत करणार, हे प्रत्येक स्वयंपाकघरात पोहोचले. कोणत्या गल्लीत गाडी गेली नाही याची चौकशी त्याच दिवशी होऊ लागली. लक्ष्य मोठे होते, पण रोजचे लक्ष गल्लीपर्यंत होते.

आणि लक्ष सुटले तर काय होते, हेही याच शहराने पाहिले आहे. डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुऱ्यात दूषित पाण्यामुळे माणसे दगावली. एका कामातला पहिला क्रमांक दुसऱ्या कामाची हमी देत नाही. जे मोजले जाते ते सुधारते. जे कोणी मोजत नाही ते कुजत राहते.

मोजणी आणि चढाओढ यांची ही रीत इंदूरला शंभर वर्षांपूर्वीही माहीत होती. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीज यांना होळकर दरबाराने शहराचा आराखडा करण्यासाठी बोलावले होते. त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी शहर प्लेगने त्रस्त होते. गेडीज यांच्याविषयी अशी हकीकत सांगितली जाते की, त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक योजली आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर अधिकाधिक घरे झाडून-सारवून दुरुस्त झाली असतील त्याच रस्त्यांनी ती जाईल. मग काय, गल्लोगल्ली झाडू निघाले! उद्दिष्ट साधे होते, ते कोणालाही डोळ्यांनी तपासता येत होते आणि त्याचा लाभ आपल्याच दारापुढे दिसणार होता. कोणत्याही उद्दिष्टाला हे तीन गुण हवेत, असे आम्हांस वाटते.

शहराच्या बसगाड्यांचे काय झाले?

आता बसकडे वळू. पालकांपैकी अनेकांना नगरसेवेच्या मिनी बस आणि टेम्पो आठवत असतील. २००६ च्या सुरुवातीला शहरात नव्या सिटी बस धावू लागल्या. मार्ग आणि वेळा कंपनीने ठरवायच्या, बस खासगी चालकांनी चालवायच्या आणि प्रत्येक बस कोठे आहे ते यंत्राने कळायचे. ही रचना तेव्हा देशात नवी होती आणि बाहेरगावची मंडळी ती पाहायला येत. त्याच वर्षी केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. रस्त्याची जागा वाटताना वाहनांपेक्षा माणसांचा विचार आधी करावा, हे त्याचे मुख्य सूत्र होते.

२०१३ मध्ये ए.बी. रोडवर राजीव गांधी चौकापासून निरंजनपूरपर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग सुरू झाला. बसला रस्त्याच्या मध्यभागी स्वतंत्र वाट मिळाली. नवलखा, गीता भवन, पलासिया, एलआयजी या गर्दीच्या ठिकाणांतून बस न अडता जाऊ लागली आणि विद्यार्थी, नोकरदार स्त्रिया, रुग्णांचे नातेवाईक असे हजारो लोक तिच्यावर अवलंबून राहू लागले. दुसरीकडे, बाजूच्या वाटेत मोटारी खोळंबतात ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने हा मार्ग काढण्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तशी मुभा दिली.

न्यायालयाच्या निर्णयावर टीका करण्याचे हे स्थान नव्हे आणि आमचा तो अधिकारही नाही. आम्हांस वेगळीच गोष्ट खटकते. या वादात चौकाचौकांत चर्चा झाली ती मोटारींना किती वेळ लागतो याची. बसमधून किती माणसे जातात, हा मार्ग गेल्यावर ती कशाने जातील, हे विचारणारे थोडे होते. स्वच्छतेतला आपला क्रमांक पोहेवाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांना पाठ आहे. पण शहरात रोज होणाऱ्या शंभर फेऱ्यांपैकी किती बसने होतात आणि पाच वर्षांनी किती व्हायला हव्यात, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? ज्या उद्दिष्टाचा आकडाच नागरिकाला ठाऊक नाही, ते मागे पडले तरी कोणाला चुटपुट लागत नाही.

मे २०२५ मध्ये मेट्रोचा पहिला, सुमारे सहा किलोमीटरचा टप्पा सुपर कॉरिडॉरवर सुरू झाला. त्याचा आनंद आहेच. पण तो टप्पा विरळ वस्तीतला असल्याने सुरुवातीची हौस फिटल्यावर प्रवासी कमी झाले. यातून मेट्रो निरुपयोगी ठरत नाही. किती किलोमीटर बांधले हे एक मोजमाप आहे आणि किती माणसांनी आपली गाडी घरी ठेवली हे दुसरे, एवढेच त्यातून कळते.

आठवीच्या पुढील विद्यार्थ्यांसाठी येथे एक गणित देतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने नागरी वाहतुकीसाठी जे सेवामानक ठरवले आहेत, त्यांनुसार दर हजार लोकांमागे ०.६ किंवा अधिक बस असतील तर शहर पहिल्या श्रेणीत बसते आणि ०.२ हून कमी असतील तर शेवटच्या. २०११ च्या जनगणनेत इंदूर महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे १९ लाख ६४ हजार होती. म्हणजे तेव्हाच्याच लोकसंख्येसाठी पहिल्या श्रेणीला सुमारे ११८० बस लागतात. शेवटच्या श्रेणीतून वर येण्यासाठीही जवळजवळ ३९३ हव्यात. त्यानंतर शहर बरेच वाढले आहे, आणि शहरात धावणाऱ्या सिटी बस मात्र काही शेंच्याच घरात आहेत. त्याच मानकांत थांब्यावरची सरासरी प्रतीक्षाही दिली आहे. ती चार मिनिटांपर्यंत असेल तर उत्तम, दहा मिनिटांहून अधिक असेल तर शेवटची श्रेणी. आपापल्या घराजवळच्या थांब्यावर घड्याळ लावून ही श्रेणी कोणीही काढू शकतो.

एकाच आदेशातील दोन उद्दिष्टे

उद्दिष्ट का फळते आणि का फळत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण दिल्लीचे आहे. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या हवेसंबंधीच्या खटल्यात आदेश दिला. त्यात इतर बाबींबरोबर दोन गोष्टी होत्या. एक, शहरातील साऱ्या बस ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर न्याव्यात. दोन, बसची संख्या १ एप्रिल २००१ पर्यंत दहा हजार करावी.

पहिले उद्दिष्ट वेळेत पूर्ण झाले नाही. मुदती वाढल्या, पंपांवर बसच्या रांगा लागल्या, संप झाले. पण न्यायालयाने पाठ सोडली नाही. एप्रिल २००२ मध्ये ठरले की रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक डिझेल बसला दिवसाला ५०० रुपये आणि पुढे १००० रुपये दंड भरावा लागेल. २००२ संपेपर्यंत दिल्लीच्या सिटी बस सीएनजीवर आल्या. दुसरे उद्दिष्ट मात्र कागदावरच राहिले. वीस वर्षे उलटून गेली तरी दहा हजारांचा तो आकडा गाठला गेला नव्हता.

न्यायालय तेच, शहर तेच, आदेशही तोच. फरक कशात होता? डिझेलची बस रस्त्यावर दिसते, तिचा मालक ठाऊक असतो आणि तिच्यावर रोज दंड चढतो. जी बस विकतच घेतली नाही, ती कोणाला दिसत नाही. तिचा मालक नसतो आणि तिच्यासाठी थांब्यावर ताटकळणाऱ्या माणसाची वही कोणी ठेवत नाही. न आलेल्या बसचा दंड प्रवासीच भरतो, आपल्या वेळेतून.

स्वस्त पास पुरतो का?

दुसरे उदाहरण परदेशचे आहे. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे मे २०१२ मध्ये वार्षिक पासाची किंमत ४४९ युरोंवरून ३६५ युरोंवर आली, म्हणजे दिवसाला एक युरो. २०१९ पर्यंत पासधारकांची संख्या दुपटीहून अधिक झाली, शहरात नोंदलेल्या मोटारींपेक्षाही जास्त. हे ऐकून कोणालाही वाटेल की भाडे कमी केले की काम झाले.

पण आकडे जरा खोलात पाहावेत. तेथे १९९३ मध्ये शंभरातल्या २९ फेऱ्या सार्वजनिक वाहनांनी होत. २०१२ पर्यंत हे प्रमाण ३९ च्या आसपास पोहोचले होते, म्हणजे बहुतेक वाढ पास स्वस्त होण्याआधीच झाली होती. त्या वर्षांत मेट्रोचे मार्ग वाढले, गाड्या वारंवार येऊ लागल्या आणि रस्त्यावर मोटार उभी करण्याचे पैसे अधिकाधिक भागांत द्यावे लागू लागले. पास स्वस्त झाल्यावर २०१९ पर्यंत प्रमाण ३८-३९ वरच राहिले. पासामुळे लोकांचा उत्साह टिकला, शहराविषयी आपुलकी वाढली, हे खरे. पण माणूस बसमध्ये बसतो तो बस वेळेवर येते म्हणून, आणि मोटार घरी ठेवतो ती उभी करायला जागा फुकट मिळत नाही म्हणून.

व्हिएन्नाने असेही ठरवले होते की २०२५ पर्यंत शंभरातल्या ८० फेऱ्या पायी, सायकलने वा सार्वजनिक वाहनाने व्हाव्यात आणि मोटारीच्या फक्त २० उराव्यात. मोटारीचा वाटा सुमारे २५ वर येऊन अडला, मध्ये महामारीही आली. जानेवारी २०२६ पासून तो पासही ४६७ युरोंचा झाला. म्हणजे एवढे नावाजलेले शहरही उद्दिष्टापासून पाच पावले मागे राहिले. पण तेथे दरवर्षी आकडे प्रसिद्ध होतात, त्यामुळे किती मागे आहोत हे नागरिकाला कळते. १९९३ मध्ये मोटारीचा वाटा ४० होता. ४० वरून २५ ही काही लहान वाट नव्हे.

आपल्या फाटकापाशी काय लागू पडते?

या साऱ्यातून शाळेसाठी आम्ही चार प्रश्न काढले आहेत. काय मोजायचे? कोणी मोजायचे? मुदत कोणती? आणि आकडा चुकला तर काय करायचे? चारही प्रश्नांची उत्तरे असतील तर ते उद्दिष्ट. एखादे उत्तर नसेल तर ती शुभेच्छा. २२ सप्टेंबर २०२३ रोजी इंदूरने ‘नो कार डे’ पाळला. महापौर आणि अधिकारी बसने, सायकलने, ई-बाईकने निघाले. उपक्रम स्तुत्य होता. पण २३ सप्टेंबरला काय करायचे, हे ठरलेले नसेल तर असा दिवस सणासारखा येतो आणि जातो.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. सत्राच्या पहिल्या महिन्यात, लागोपाठ पाच दिवस, वर्गशिक्षक हजेरी घेताना प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारतील : आज कसे आलात? उत्तरे सहा खान्यांत मांडायची : पायी, सायकल, सिटी बस, अनेक मुलांची व्हॅन वा ऑटो, पालकांची दुचाकी, पालकांची मोटार. व्हॅनचा खाना वेगळा ठेवण्याचे कारण असे की ती सार्वजनिक वाहन नसली तरी एका फेरीत अनेक मुलांना आणते. मात्र मुले कोंबून आणणारी व्हॅन आमच्या दृष्टीने सोय नव्हे, धोका आहे. तिची नोंद वेगळी होईल आणि चालकाशी बोलले जाईल.

बेरीज गणित मंडळाचे विद्यार्थी करतील आणि आकडे, चांगले असोत वा वाईट, सूचना फलकावर आणि या पत्रिकेत छापले जातील. दर सहा महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा होईल. पहिल्या वर्षअखेरीस शेवटच्या दोन खान्यांतील शंभरात पाच मुले पहिल्या चार खान्यांत यावीत, तिसऱ्या वर्षअखेरीस शंभरात पंधरा. एवढे माफक उद्दिष्ट आम्ही सुचवतो. ते गाठले नाही तर शालेय समितीने पालकसभेत कारणे सांगावीत आणि वाहनतळाचा प्रस्ताव पुन्हा विचारात घ्यावा.

पालकांनी एक हिशेब करून पाहावा. मुलाला सोडायला आणि आणायला गाडी दिवसाला चार फेऱ्या करते. सकाळी येणे-जाणे, दुपारी येणे-जाणे. त्यांतल्या दोन फेऱ्यांत मागची जागा रिकामी असते. शेजारच्या तीन घरांनी पाळी लावली तरी फाटकापाशी येणाऱ्या गाड्या तीनऐवजी एक होतील.

विश्वस्तांसाठी दुसरा हिशेब. नगररचनेत उघड्या वाहनतळावर एका मोटारीमागे, वळायच्या जागेसह, सुमारे २३ चौरस मीटर धरतात. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, म्हणजे ४३२ चौरस मीटर. तेथे जेमतेम १८ मोटारी राहतील. अठरा मोटारींच्या वीस मिनिटांसाठी एक खो-खोचे मैदान कायमचे द्यायचे का, याचे उत्तर शांतपणे शोधावे. शिवाय वाहनतळ झाला की जे आज पायी वा व्हॅनने येतात त्यांच्यातलेही काही गाडीने येऊ लागतील. व्हिएन्नाने उभे राहण्याची जागा महाग केली म्हणून मोटारी कमी झाल्या. आपण ती फुकट वाढवली तर काय होईल, हे सांगायला नको.

आक्षेपांविषयी

काही पालकांनी आमच्याशी बोलताना अडचणी सांगितल्या, त्या खऱ्या आहेत. पहिली मुलींच्या सुरक्षिततेची. थांब्यापर्यंतचा रस्ता अंधारा असेल, बसमध्ये धक्काबुक्की असेल तर कोणती आई मुलीला पाठवील? एकटीने पाठवा, असे आम्ही म्हणणारच नाही. एका थांब्यावरून चढणाऱ्या मुलामुलींचे गट करावेत, प्रत्येक गटात वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी असावेत आणि सुटताना एक शिक्षक जवळच्या थांब्यापर्यंत सोबत जावेत, असा आमचा विचार आहे. शिक्षकांचे हे काम वेळापत्रकात धरले जाईल, उपकार म्हणून मागितले जाणार नाही.

दुसरी अडचण, बसच येत नाही. ज्या वसाहतींतून बस येतच नाही तेथील मुलांना बसने या म्हणणे ही थट्टा होईल. पण मोजणी झाली की आपल्या हाती एक नकाशा येईल : कोणत्या भागातून किती मुले येतात, जवळचा थांबा किती दूर, सकाळी बस किती वेळाने. पालकांच्या सह्यांसह तो नकाशा घेऊन शाळा सिटी बस कंपनीकडे आणि नगरसेवकांकडे जाऊ शकते. ‘बस वाढवा’ हे निवेदन रोज येत असेल. ‘या थांब्यावर सकाळी साडेसहा ते सात एवढी मुले उभी असतात’ हे आकड्यांसह क्वचितच येत असेल.

तिसरी अडचण दफ्तराच्या ओझ्याची. ती शाळेने सोडवायची आहे. जाड वह्या वर्गातच ठेवण्यासाठी कपाटांची सोय करण्याचा विषय पुढील बैठकीत येईल. आणि अगदी लहान वर्गांतील मुलांना हे उद्दिष्ट लावू नये, असेही आम्ही सुचवतो. त्यांना आईबाबांनीच आणावे.

चौथी गोष्ट अडचण नाही, धोका आहे. नववी-दहावीची काही मुले स्वतः स्कूटर चालवत येतात आणि ती दोन गल्ल्या सोडून उभी करतात. बस मिळत नाही म्हणून स्कूटर दिली, असे पालक सांगतात. कायदा स्पष्ट आहे. सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो, बाकी साऱ्यांसाठी अठरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. पण कायद्याहून मोठी गोष्ट मुलाच्या जिवाची आहे. या बाबतीत कोणतीही मुदत नाही, शंभरात किती याचाही प्रश्न नाही. हा आकडा शून्यच हवा.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस वाटेल की आमच्या पाचपन्नास जणांच्या बसने येण्याने शहराचे काय होणार? शहराचे सगळे उद्दिष्ट तुमच्या शिरावर नाही. बस वाढवणे, वेळेवर सोडणे, थांब्यावर सावली आणि दिवा देणे ही महापालिकेची आणि सरकारची कामे आहेत, ती त्यांच्याकडून मागितलीच पाहिजेत. पण मागणाऱ्याच्या हाती वही असावी. ओला-सुका कचरा वेगळा ठेवायला बऱ्याच घरांत आजी-आजोबांना नातवंडांनी शिकवले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

विश्वस्त मंडळास नम्र विनंती, वाहनतळाचा निर्णय पहिल्या दोन मोजण्यांचे आकडे येईपर्यंत राखून ठेवावा. पालकांनी आपले मत, विरोधी असले तरी, महिनाअखेरपर्यंत कार्यालयात लेखी द्यावे. घरापासून जवळचा थांबा कोणता आणि तेथे सकाळी बस किती वेळाने येते, हेही त्यात अवश्य लिहावे. ज्यांना आठवड्यातून एक दिवस थांब्यापर्यंत मुलांच्या सोबत जाणे शक्य आहे, त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव नोंदवावे. पहिल्या मोजणीचे आकडे पुढील अंकात याच पानावर देऊ.

आपले,
मुख्याध्यापक